उलट्या पिळाची लडी

दिगंबर सोनकुसरे यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, कापड राहत असे. नारायण पेठेत श्यामराव आगाश्यांच्या साड्यांच्या दुकानात ते अकरा वर्षं रफूला बसत होते, आणि तेवढ्या काळात निम्म्या पुण्याच्या पैठण्या नि इरकली त्यांच्या हातांखालून गेल्या होत्या. रस्त्यात समोरून कुणी ओळखीचं हसलं, की हे आधी पदराकडे बघत आणि मग आठवत बसत, की या बाई म्हणजे ती उंदरानं कुरतडलेली जांभळी. तोवर बाई पुढे गेलेल्या असत. पुण्यात एवढी ओळखसुद्धा पुष्कळ झाली, असं श्यामरावांचं मत होतं, आणि श्यामरावांची मतं त्यांच्या दुकानातल्या मालासारखीच होती. एकदा दिलेलं परत घेतलं जात नसे.

दिगंबर मूळचे भंडारा जिल्ह्यातले, मोहाडीजवळच्या आंधळगावचे. हे सांगितलं, की पुण्यातला माणूस "म्हणजे नागपूरकडचे" असं म्हणून विषय मिटवून टाकतो. नागपूर संपल्यावरही महाराष्ट्र बराच उरतो, हे समजावून सांगायच्या भानगडीत ते पडत नसत. दुकानाच्या पोटमाळ्यावर त्यांची वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि एक माठ, एवढा संसार होता. दिवसभर खाली माणसांची वर्दळ आणि शटर ओढलं की वर गेल्यावर बोलायला कुणी नाही. बोली त्यांनी केव्हाच आवरती घेतली होती. पहिल्याच महिन्यात त्यांचं 'माह्या' आणि 'तुमाले' ऐकून दोन गिऱ्हाइकं एकमेकींकडे बघून हसली होती. तेव्हापासून ते पुस्तकातल्यासारखं, जपून, थोडं थोडं बोलत. थोडं बोलणाऱ्याला पुण्यात शहाणा समजतात, त्यामुळे हा माणूस एकटा पडलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आंधळगावात ते कोशाच्या साड्या विणत. जंगलात ऐनाच्या झाडांवर किडे वाढतात, त्यांच्या कोशांतून हे मधाच्या रंगाचं, जरा खरबरीत रेशीम निघतं. कोसे उकडायचे, चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळत वळत त्यांचा एक धागा करायचा, हे काम बायकांचं, माग पुरुषांचा. मांडीवर वळलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक. प्रत्येक बाईचा हात निराळा आणि विणणाऱ्याच्या बोटांना तो कळतो. शेजारणीची लडी चुकून घरात आली, तर दिगंबर अंधारातसुद्धा ती बाजूला काढत.

त्यातून त्यांची बायको सोजर डावरी होती. सोयरीक जमताना मुलीकडच्यांनी ही गोष्ट शिताफीनं झाकली. बघायला आलेल्यांपुढे तिनं पोह्यांच्या बश्या उजव्या हातानं दिल्या होत्या. लग्नानंतर चौथ्या दिवशी ती धागा काढायला बसली ती डावी मांडी उघडी टाकून, आणि सासूनं कपाळाला हात लावला. कारण गावातल्या सगळ्या बायकांच्या धाग्याचा पीळ एका बाजूला आणि हिचा नेमका उलटा. उलट्या पिळाचा धागा दुसऱ्या धाग्यात मिसळला, तर कापडावर उजेड दोन तऱ्हांनी पडतो आणि साडीत सावलीसारखे पट्टे उठतात. व्यापारी तिची लडी उचलत, दोन बोटांत फिरवत आणि गुपचूप खाली ठेवत. म्हणून सोजरचा धागा फक्त दिगंबरांच्या मागावर चाले आणि दिगंबरांच्या मागावर फक्त सोजरचा. तिला ताप आला की माग बंद, यांचा हात दुखला की तिच्या लड्या खुंटीवर. नवरा-बायकोच्या गाठी वर बांधतात म्हणे. यांची घरातच, डाव्या मांडीवर बांधली गेली होती. त्यांच्या साड्यांवर एक वेगळीच झाक असे आणि जाणकार लोक ती मागून घेत. अशी वीस वर्षं बरी गेली.

देशानं बाहेरच्या मालाला दारं उघडली, ही बातमी आंधळगावात कुणी वाचली नव्हती. ती आली गठ्ठ्यांतून. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा व्यापाऱ्यानं चीनचा कोशाचा धागा आणला. एकसारखा, लांबच लांब, गाठ नाही, तुटणं नाही. आठ दिवसांची साडी पाच दिवसांत उतरू लागली. आधी लोकांनी तो उभ्या धाग्यांना वापरला, मग आडव्यांनाही. दिगंबरांनी उभे धागे चीनचे आणि आडवे सोजरचे, असं करून पाहिलं. चार साड्या विणल्या. चारही व्यापाऱ्यानं परत केल्या. पोत जुळत नाही, हा सरळ तर तो उलटा, असं व्यापारी म्हणाला. कुठला तरी एकच ठेवा.

त्यांनी चीनचा ठेवला. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पोटाला पीळ पडला की धाग्याचा पीळ कोण बघतो. पहिली सबंध साडी चीनच्या धाग्याची विणली, ती ऐन रोवणीच्या दिवसांत. सोजर दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत धान लावायला गेली होती. संध्याकाळी आली, पायाचा चिखल धुतला आणि मागाजवळ येऊन तिनं विणलेल्या कापडावरून डावा तळवा फिरवला.

"हा कोनाचा हात होय?" तिनं विचारलं.

"कोनाचाच नाही," दिगंबर म्हणाले. "बाहेरदेशचा होय. मशीनचा."

तिनं आणखी एकदा तळवा फिरवला. "चांगला आहे. हाताले लागतच नाही," असं म्हणून ती भात टाकायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं दिगंबरांना पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ती भांडली नाही. धागा गुंडाळायची फिरकी तिनं खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवणीला गेली. लेकीच्या, दीपमालाच्या लग्नाला तुझ्याच धाग्याची एक साडी विणीन, असा शब्द दिगंबरांनी त्या रात्री आपण होऊन दिला. तिनं मागितला नव्हता.

ज्या धाग्यानं सोजरला उठवलं, त्यानं यांनाही फार दिवस बसू दिलं नाही. एकसारखा धागा यंत्रमागालाही चालतो. दूरच्या शहरांत त्याच धाग्याच्या साड्या यंत्रावर निघू लागल्या आणि त्यांच्यावर छापील चिठ्ठी लागली 'भंडारा कोसा'. गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले. त्याच सुमारास गावातली पोरं पुण्याचं नाव घेऊ लागली होती. पुण्यात म्हणे शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहतायत आणि माणसं कमी पडतायत. २००३ साली दिगंबरही निघाले. सोजर म्हाताऱ्या सासूपाशी राहिली. आंधळगावातून पुण्याला यायला गाडी होती. पुण्यातून आंधळगावला जायला वर्षाकाठी एखादंच कारण सापडे.

श्यामरावांना त्यांनी एकदा ही सगळी हकिगत सांगितली होती. श्यामरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोनकुसरे, दार उघडलं की वारा सगळ्यांच्याच घरात शिरतो. आमच्याकडे चूल पेटली, तुमच्याकडे दिवा विझला. वाऱ्याला काय विचारणार?" हे पुणेरी बोलणं म्हणून ठीकच होतं. पण दिगंबरांच्या मनात आलं, वाऱ्याला नसेल विचारता येत, दार उघडणाऱ्याला तरी विचारता येईल, की बाबा, कुणाच्या घरात दिवा आहे ते आधी बघितलं होतंस का.

दीपमालाचं लग्न झालं २००८ मध्ये, सुरतेच्या साडीत. माग तेव्हा मोडून सरपणात गेला होता. शब्दाची आठवण सोजरनं काढली नाही आणि दिगंबरांनीही नाही. दोन वर्षांनी सोजर काविळीनं गेली. महाराष्ट्र एक्सप्रेसनं एक रात्र आणि एक दिवस बसून ते पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. घरात तिचा एक फोटो नव्हता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा तेवढा, आणि त्यात ती दुसऱ्याच कुणा बाईसारखी दिसत होती. तांदळाच्या कोठीमागे मडक्यात मात्र एक लडी सापडली. धागा फार जुना नव्हता. लेकीच्या साडीसाठी म्हणून तिनं न सांगता काढायला घेतला होता आणि माग मोडल्यावर हात थांबवला होता. एक साडी काय, एक पदरही झाला नसता एवढाच. दिगंबरांनी ती लडी पेटीत घालून पुण्याला आणली. तिचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दसऱ्याला ते तिला ऊन दाखवत आणि परत ठेवून देत.

आणि मग २०१४ च्या नवरात्रात अस्मिता दुकानात आली. मूळची नारायण पेठेतलीच, नोकरी खराडीच्या एका कंपनीत आणि घरही आता तिकडेच. तिच्या हातात कोशाची एक साडी होती. तिच्या आईनं, हेमाताईंनी, बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनात घेतलेली. खुर्चीचा खिळा लागून तळहाताएवढी फाटली होती. श्यामरावांनी ती दिगंबरांपुढे टाकली. त्यांनी सवयीनं आधी पदर उलटला, आणि त्यांचे हात थांबले. पदराच्या शेवटाला, काठापासून तीन बोटांवर, एकच धागा दुहेरी घातलेला होता. ही त्यांची खूण. प्रत्येक साडी उतरवताना ते एवढं करत. बापानं शिकवलं होतं, की आपलं काम आपल्याला कधी परत भेटलं तर ओळखता आलं पाहिजे.

"ही माझी साडी आहे," ते म्हणाले. आणि पुढचं वाक्य धागा न उकलता, ट्यूबलाइटच्या उजेडात, मनात होतं तसंच तोंडातून बाहेर पडलं. "धागा माझ्या बायकोचा. सोजरचा."

झालं. अस्मितानं तिथल्या तिथे त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. तिनं एवढं मनापासून विचारलं, की दिगंबर अकरा वर्षांत बोलले नव्हते एवढं अर्ध्या तासात बोलले. डावा हात, डावी मांडी, उलटा पीळ, बश्या उजव्या हातानं दिल्या ती गंमत, सगळं. मोबाइलवर तिनं पदराचा फोटो काढला, दिगंबरांचा काढला आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट इंटरनेटवर कुठच्या कुठे गेली. तिच्या कंपनीत दिवाळीआधी मेळा भरायचा होता. तिथे ही साडी मांडू, तुम्ही यायचंच, असं सांगून ती रफूसाठी साडी ठेवून गेली.

मग तीन-चार दिवस एक नवलच चाललं. श्यामराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की आमच्या सोनकुसऱ्यांच्या मंडळींचा हात असा होता. चहावाला विचारू लागला, सोजरबाई कुठल्या गावच्या. एक निवृत्त शिक्षिका सोजरबाईंच्या धाग्याची साडी आहे का म्हणून पायऱ्या चढून आल्या. पुण्यात हे नाव आजवर कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. दिगंबर स्वतःसुद्धा ते मोठ्यानं घेत नसत, घेणार कुणापाशी? आता दिवसातून दहा वेळा ते कानावर पडे आणि दर वेळी ती दाराशी येऊन गेल्यासारखं वाटे. त्या दिवसांत ते जेवलेही नीट. माणूस जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांना ती पुण्यात आत्ता आली असं वाटत होतं.

सोमवारी दुकान बंद असे. दिगंबर पायरीवर उन्हात साडी घेऊन बसले. रफूचा नियम असा, की धागा त्याच कापडातून घ्यायचा. पदराच्या आतल्या दुमडीतून एक अलगद ओढायचा. त्यांनी ओढला, दोन बोटांत धरला आणि पुढे वळला. सोजरचा असता तर आवळला असता. तो आवळला नाही. त्यांनी उलटा वळून पाहिला, दुसरा ओढला, तिसरा ओढला. त्या धाग्याला धड पीळच नव्हता. गाठ नाही, जाड नाही, बारीक नाही. हाताला लागतच नव्हतं काही.

आणि मग त्यांना ही साडी आठवली. रोवणीच्या दिवसातली, संध्याकाळी सोजरनं जिच्यावरून तळवा फिरवला होता, ती हीच. काठाचा विटकरी रंग त्या एकाच साडीला घातला होता. पुण्यात चार दिवस सोजरचं कौतुक चाललं होतं ते त्या धाग्यासाठी, ज्यानं तिला तिच्या जागेवरून उठवलं. याहून मोठा अपमान तिचा कुणी केला नव्हता आणि तो नवऱ्यानं केला होता. दिगंबर पायरीवर बसून रडले. सोमवारची गल्ली रिकामी होती, त्यामुळे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्यामरावांना खरं सांगितलं. श्यामरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, की गप्प राहा. साडीला तोंड नसतं. ती मुलगी खूश आहे, तुम्ही खूश होतात, दुकानाचंही नाव होतंय. खरं बोलून यातलं कुणाचं भलं होणार? सल्ला काही वाईट नव्हता. दिगंबरांची अडचण वेगळीच होती. खरं सांगितलं, तर सोजरचं नाव पुन्हा बंद होणार होतं. न सांगितलं, तर ते चीनच्या धाग्याला चिकटून राहणार होतं. इतकी वर्षं तिला कुणी ओळखत नव्हतं. आता ओळखत होतं ते भलत्याच धाग्यावरून.

रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी पेटी उघडली, मडक्यात सापडलेली ती लडी काढली आणि रफूला बसले. आधी उभे धागे, मग आडवे, सुई वर-खाली घालत त्यांनी ते तळहाताएवढं भोक सोजरच्या धाग्यानं भरलं. दोन दिवस लागले. लडी जवळजवळ संपली, चिमूटभर उरली. ऐन दुपारच्या उन्हात त्यांनी साडी तिरकी धरली. सबंध कापड एका बाजूला चमकत होतं आणि तेवढा तुकडा दुसऱ्या बाजूला.

श्यामरावांच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नसत. "सोनकुसरे," ते म्हणाले, "रफू दिसतोय."

"दिसू द्या, मालक."

श्यामरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. रफू दिसला की आपण मेलो, असं ते अकरा वर्षं सांगत आले होते. या वेळी त्यांनी साडीची घडी घातली आणि कागदात बांधून दिली.

शनिवारी दिगंबर बसनं खराडीला गेले. फाटकावर त्यांचा फोटो काढला, गळ्यात 'व्हिजिटर' लिहिलेली पट्टी अडकवली आणि एका गार काचेच्या दालनात नेलं. एका बाजूला पणत्या, एका बाजूला सेंद्रिय गूळ आणि मधल्या टेबलावर ती साडी पसरलेली. शेजारी जाड कागदाचं कार्ड होतं. त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'सोजरबाई सोनकुसरे, आंधळगाव. यांच्या हातचा धागा.' त्या बाईचं नाव असं छापून आजवर फक्त मतदारयादीत आलं होतं. दिगंबरांनी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पोरं-पोरी येत होती. चांगली, हसतमुख, घाईतली पोरं. ती साडीवर हात ठेवत, "वॉव, काय टेक्स्चर आहे" म्हणत, कार्ड वाचत आणि पुढच्या टेबलाकडे जात. बहुतेकांचा हात चीनच्याच धाग्यावर पडे. रफूवरून दोघांचा गेला, तोही थांबला नाही. तासाभरात पन्नास माणसांनी सोजरची वाहवा केली आणि दर वाहवेला दिगंबर आणखी आखडून बसले. शेवटी त्यांना राहवेना. अस्मिताला बाजूला बोलावून त्यांनी सांगून टाकलं, की मॅडम, चूक माझी झाली, हा धागा तिचा नाही, चीनचा आहे.

अस्मिता क्षणभर गोंधळली. मुलगी मनानं चांगली होती. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "काका, खरं सांगू? इथे कुणाला कळतंय? लोकांना तुमची गोष्ट आवडलीये. आजच्या दिवस असू द्या ना, प्लीज." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

इथे कुणाला कळतंय. दिगंबर खुर्चीवर येऊन बसले. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. ज्यांना कळत होतं ती माणसं गेली होती, किंवा आंधळगावात रेशनच्या रांगेत उभी होती. इथे, या लख्ख दिव्यांखाली, सोजरचा धागा आणि मशीनचा धागा एकच होता. आपण उगाच दोन दिवस डोळे फोडले, असं त्यांना वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं झालं. निळ्या गणवेशातली एक सफाईची बाई टेबलांखालून लादी पुसत पुसत आली. पन्नाशीची असेल. साडीपाशी आल्यावर ती थबकली, इकडेतिकडे पाहिलं, ओला हात पँटला पुसला आणि भरकन कापडावरून फिरवला. हात सरळ चालला होता. रफूपाशी येऊन तो थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"इथी हाताले लागते," ती स्वतःशीच म्हणाली. मग मान वर करून तिनं दिगंबरांना विचारलं, "भाऊ, एवढा हा कोनाचा हात होय?"

दिगंबर खुर्चीवरून उठले. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उरलेला चिमूटभर धागा तिच्या हातावर ठेवला. बाईनं काही न विचारता खुर्चीच्या कडेवर टेकून उजवा पाय पुढे घेतला आणि कंपनीच्या निळ्या पँटवरच, मांडीवर, तळहातानं धागा वळला. आवळायच्या ऐवजी तो उकलला, फुलला, त्याचे तंतू मोकळे झाले. तिनं मान हलवली.

"उलटा होय. डावऱ्या बाईचा दिसते."

"माह्या घरचीचा," दिगंबर म्हणाले. किती वर्षांनी तो शब्द तोंडात आला होता. "सोजर नाव तिचं. चार वर्षं झाले, गेली."

"चांगल्या हाताची होती," बाई म्हणाली. ती भंडारा जिल्ह्यातल्याच पवनीकडची, नाव दुर्गाबाई. लग्नाआधीपासून कोसा काढायची, मग ते काम बसलं, मग मुलाबरोबर इकडे आली, एवढं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मांडीवरचा घट्टा अजून गेला नाही म्हणाली आणि ओशाळून हसली. तेवढ्यात दालनाच्या टोकाहून सुपरवायझरनं हिंदीत हाक दिली. तिनं धागा नीट गुंडाळून दिगंबरांच्या हातात दिला, पोछा उचलला आणि गेली.

दिगंबरांनी पलीकडच्या पणत्यांच्या टेबलावरून पेन मागून घेतलं. कार्डावरची 'यांच्या हातचा धागा' ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'साडीचा धागा चीनचा आहे. रफू आहे तेवढा सोजरचा.' अक्षर त्यांचं शाळेतलंच होतं, मोठं आणि सरळ. अस्मिता परत आली, तिनं ते वाचलं, दोनदा वाचलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली नाही. फक्त विचारलं, "मग आईला काय सांगू मी?"

"सांगा, वीण माझी आहे," दिगंबर म्हणाले. "ती खोटी नाही."

तिनं कार्ड उचललं नाही. मग तिनं साडीवर हात ठेवला आणि रफू कुठे आहे ते बोटांनी शोधू लागली. तिला ते सापडलं नाही, म्हणून दिगंबरांनी तिचा हात धरून तिथे नेला. कळतंय असं ती म्हणाली, पण तिला कळलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दिगंबरांना खिडकीशी जागा मिळाली. येरवडा मागे पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की दुर्गाबाईंचं आडनाव विचारलं नाही, फोन नंबर घेतला नाही, ती रोज त्याच इमारतीत असते की आज इथे उद्या तिथे, तेही विचारलं नाही. फाटकावरचे लोक आत सोडणार नव्हते आणि सफाईच्या बाईला भेटायचंय म्हटलं तर हसले असते. खिशात हात घालून त्यांनी पुडी चाचपली. पुण्यात अकरा वर्षांत सोजरचा हात ओळखणारं एक माणूस भेटलं होतं, आणि त्याला लादी पुसायची होती.